तव्यावरची पोळी

"ताई, हात द्या. तो नाही, दुसरा," शिलान म्हणाली आणि डब्यांवर नावं घालायच्या पक्क्या पेनाचं टोपण तिने दातांनी काढलं.

मी कणीक मळत होते. उजवा हात धुऊन, कोरडा करून पुढे केला. तिने हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, एक बारीक चंद्रकोर काढली. कोरीखाली ओळीने टिंबं. मग मान तिरकी करून एक टिंब ओळीच्या बाहेर, मनगटाकडे घसरलेलं. त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवून तिने ते सगळं चोळलं, तसा काळा रंग फिका, हिरवट झाला. लहानपणी गोंदलं असावं असाच.

एरवी चित्र काढताना शिलानचा हात हलत नसे. त्या सकाळी मात्र तिने आपलं मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलं होतं.

"तो खाली आहे का अजून?" मी विचारलं.

माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या यमुनाबाई पडद्याच्या फटीतून गल्लीत बघत होत्या. "त्यो न्हाई, त्येचा मानूस हाय. काल सांजंपासनं टपरीवर बसलाय. च्याच पितोय मुडदा."

"तो अकरा वाजता येते," शिलान म्हणाली. "खूप गोड बोलते, ताई. ओरडली असती तर मला कमी भीती वाटली असती."

शिलान कुर्द, इराकातल्या सुलेमानियाची. त्यांच्या भाषेत बाईला वेगळं आणि पुरुषाला वेगळं क्रियापद नसतं, त्यामुळे तिच्या मराठीत पोस्टमन यायची आणि मी जायचो. आम्ही तिची त्यावरून भरपूर चेष्टा करायचो. त्या सकाळी कोणालाही हसू आलं नाही.

मी तेव्हा रास्ता पेठेत डब्यांचा धंदा करत होते. हे गेल्यावर मागची खोली रिकामी पडली, ती मी पुण्यात चित्रकला शिकायला आलेल्या या मुलीला दिली. वर्षभराने तिच्या मागोमाग नाझदार आली. आठ दिवसांसाठी मैत्रिणीकडे म्हणून आलेली ती मुलगी राहिलीच. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. आमच्या आगाशांच्या घरात जन्मलेली मी सावळी आणि ही डोंगरातली पोर अस्सल कोकणस्थ दिसायची. महिन्याभरात ती यमुनाबाईंच्या शेजारी उभी राहून पोळ्या भाजायला लागली. मराठी शिकली ती ओट्यावरच. पीठ, तूप, जाळ कमी कर, करपली, फुगली.

ती का आली होती ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तिचं लग्न एका बड्या घरात ठरवलं होतं, नवरा मुलगा वयाने तिच्या बापाएवढा. साखरपुड्यानंतर ती पळाली. पळायला मदत केली तिच्या आईने. लेक हाती लागू नये म्हणून आईने घरातले तिचे सगळे फोटो चुलीत घातले.

पण आईचीच एक खूण राहिली होती. नाझदार लहान असताना आईने स्वतः तिच्या हातावर गोंदलं होतं. काजळी आणि दूध. दूधही कोणाचंही चालत नाही. तान्ह्या मुलीला पाजणाऱ्या बाईचंच लागतं. सुई टोचली तशी पोरीने हात ओढला आणि शेवटचं टिंब मनगटाकडे गेलं. नाझदारने हे सांगितलं तेव्हा यमुनाबाईंनी आपला हात तिच्या हाताशेजारी धरला होता. त्यांच्याही हातावर चंद्रकोर आणि टिंबं होती, गावच्या जत्रेत गोंदलेली. एवढ्या लांबच्या दोन बायांच्या हातावर सारखीच कोर बघून नाझदार हसता हसता रडायला लागली होती.

शिलान बायकाच काढायची, पण चेहरे कधी काढायची नाही. तिच्याकडे चित्रात चेहरा दिसला म्हणून मार खाल्लेल्या बायका तिला माहीत होत्या. म्हणून ती नुसते हात काढायची. कणीक मळणारे, बाळाचं डोकं धरणारे, दाराची कडी आतून लावणारे. चेहरा नसला की बाई सुरक्षित, असं तिचं पक्कं गणित. माझ्या ओट्यावरचे हात तिने त्या वर्षी प्रदर्शनात मांडले. बहुतेक चित्रांत तळवे होते. एकात मात्र हाताची पाठ, पिठाने माखलेली, आणि पिठातून दिसणारी चंद्रकोर. प्रामाणिक चित्रकार ती. घसरलेलं टिंबसुद्धा तिने जिथल्या तिथे काढलं. त्यांच्या गावात बाईचा चेहरा बाहेरचं कोणी बघत नाही, हात सगळे बघतात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

प्रदर्शनाच्या पत्रकावर नेमकं तेच चित्र छापलं गेलं.

कोणाच्या तरी ऑपरेशनसाठी पुण्यात आलेल्या माणसाच्या हाती ते पत्रक पडलं. रेबवार त्याचं नाव. नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ. त्याने नाझदारला पाहिलेलं नव्हतं. साखरपुड्याला तो परदेशी होता. पण त्याच्या आईने सुनेच्या हातात बांगड्या घालताना ते सुटलेलं टिंब पाहिलं होतं आणि घरभर सांगितलं होतं. तो सरळ प्रदर्शनात आला आणि शिलानला विचारता झाला, "हा हात कोणाचा, ताई?" शिलानला सुचलं ते ती बोलली, "मी राहते तिथे बायका पोळ्या करतात. त्यांचे हात आहेत. तिथे सगळ्यांच्या हातावर असं असतं."

"छान," तो म्हणाला, "मग उद्या अकराला त्या बायकांना भेटतो." शिलानच्या मागोमाग त्याचा माणूस आमच्या गल्लीपर्यंत आला.

पोलिसांकडे जायची सोय नव्हती. नाझदारचा व्हिसा कधीच संपला होता. त्यांनी कायद्याने तिला विमानात बसवलं असतं. आणि परत गेलेल्या मुलीचं काय होतं ते मी शिलानला एकदाच विचारलं. ती म्हणाली, "तिचं नाव घरात कोणी घेत नाही. कबरीवर पण लिहीत नाही." मी पुन्हा विचारलं नाही.

"मोरीत लपवू," मी म्हणाले. "नाहीतर माळ्यावर."

नाझदारने मान हलवली. तिने माझ्या भाचीचा जुना पंजाबी ड्रेस घातला होता, केसांची घट्ट वेणी, कपाळाला टिकली. "लपली तर सापडते, ताई," ती म्हणाली. "पोळी करते तिला कोण बघते?"

आणि ती तव्यासमोर जाऊन उभी राहिली.

अकराच्या आधीच बेल वाजली. मी दार उघडायला गेले.

दारात तिशीचा, नीट दाढी राखलेला माणूस. हातात मिठाईचा खोका. त्याने चपला बाहेर काढल्या, छातीवर हात ठेवून वाकून नमस्कार केला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "तकलीफ दी, बहनजी." इतका सभ्य पाहुणा त्या घरात क्वचितच आला असेल. मी त्याला स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची दिली. तिथून ओटा सरळ दिसायचा. दुसरीकडे बसवलं असतं तर त्याला संशय आला असता.

यमुनाबाई लाटत होत्या. नाझदार भाजत होती, पाठमोरी. मी परातीशी बसले. शिलान फ्रिजला टेकून उभी होती.

तो शिलानशी हळू आवाजात बोलला. तिने सांगितलं, "हात बघायचे म्हणते. लांबून. हात लावणार नाही."

मी पिठाचा हात पुढे केला. यमुनाबाईंनी लाटणं ठेवून आपला दाखवला. नाझदारने मागे न वळता उलथनं धरलेला हात तेवढा बाजूला केला आणि परत तव्यावर नेला. त्याने सगळे हात पाहिले. तिन्हींवर कोर, तिन्हींवर टिंबं, तिन्हींवर एक टिंब बाहेर गेलेलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. तो काहीतरी म्हणाला.

"विचारते, एक टिंब सगळ्यांचं चुकलं कसं?"

याचं उत्तर आम्ही ठरवलंच नव्हतं. आदल्या संध्याकाळपासून आम्ही नाना शंका काढल्या होत्या आणि हा साधा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता. आणि मग कुठून कोण जाणे, माझ्या लहानपणी आई काजळाचं बोट घेऊन यायची ते आठवलं.

"चुकलं नाही, मुद्दाम काढतात," मी म्हणाले. "तीट आहे ती. आमच्याकडे बाळाला नटवलं की गालाला काजळाचा ठिपका लावतात, वेडावाकडा. सगळं नेटकं दिसलं की दृष्ट लागते. गोंदणाचंही तसंच. सांग त्याला."

शिलानने सांगितलं. त्यांच्याकडेही दृष्ट असते, ते मला माहीत होतं. शिलानच्या खोलीच्या दारावर निळा मणी टांगलेला असायचा. त्याची आठी जरा सैलावली. मग त्याने आपला अंगठा दुसऱ्या तळव्यावर चोळून दाखवला. त्याला भाषांतर लागलं नाही. पुसून दाखवा.

पेन पक्का खरा, पण स्पिरिटने चोळलेला. माझा हात नळाखाली गेला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. मी उठायला लागले तेवढ्यात यमुनाबाई कडाडल्या.

"म्हंजी आमी खोटं बोलतोय व्हय? थांब, दावते तुला!" त्या तरातरा मोरीशी गेल्या, भांड्याची तारेची घासणी घेतली, साबण लावला आणि हात असा घासायला लागल्या, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. कोर होती तिथे होती. टिंबं होती तिथे होती. त्यांच्या हातावर खोटं होतं ते बाहेरचं एक टिंब तेवढं. त्यावर त्यांनी घासणी धरलेल्या हाताचा अंगठा गच्च दाबून ठेवला होता. "बघ! चाळीस वर्सं झाली, नवरा गेला पर ह्ये गेलं न्हाई!"

तो ओशाळला. हात जोडून "माफ करो, माँजी" म्हणाला. मला वाटलं, संपलं. आता हा उठेल.

तो उठला नाही. चहाचा कप हातात घेऊन तो तव्याकडे बघत राहिला. नाझदारने पोळी तव्यावर टाकली. पोळीवर बारीक फोड यायला लागले. तेव्हा तो बोलला. हळू, शिलानकडे न बघता, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, त्यांच्या भाषेत. लहानसं वाक्य. मला त्यातला एकच शब्द कळला. नाझदार.

नावाने हाक मारतोय! माणूस कितीही सावध असला तरी आपलं नाव ऐकून मान वळतेच. वळू नकोस गं पोरी, मी मनात म्हणत होते, वळू नकोस.

शिलानने तोंडावर हात नेला आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी उत्तर दिलं. नाझदार वळली नाही. तिने पोळी उलटली. फडक्याने कडेने दाबली. पोळी टम्म फुगली. ती तिने उतरवली, तूप लावलं आणि दुसरी टाकली. मला त्या शांततेचा भरवसा वाटेना, म्हणून मी मुद्दाम, तिला ठरवून दिलेल्या मराठी नावाने, खेकसले, "नंदे, जाळ कमी कर!"

"हो ताई," ती म्हणाली. त्या दोन शब्दांत जरासुद्धा परका हेल नव्हता.

भीतीत माणूस काय करेल सांगता येत नाही. मी ती उतरवलेली पोळी बशीत घातली, वर गुळाचा खडा ठेवला आणि त्याच्यापुढे धरली. "घ्या. आमच्याकडे आलेला माणूस उपाशी जात नाही."

त्याने बशी घेतली. पोळी उचलली, एक बाजू पाहिली, उलटून दुसरी पाहिली. उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. मला राग आला. म्हटलं, आगाऊपणा बघा, फुकटची पोळी आणि पारखून घेतोय. मग त्याने ती खाल्ली, सगळी. उठला, छातीवर हात ठेवला आणि गेला. जाताना म्हणाला, पेशंटला घेऊन पुन्हा पुण्यात यायचं आहे, तेव्हा येईन.

यमुनाबाई पडद्याशी उभ्या राहिल्या. तो टपरीवर थांबला, आपल्या माणसाशी बोलला, दोघे रिक्षात बसले. "गेलं," त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

मला हसू फुटलं, भीती गेल्यावर येतं तसलं. "नाझदार, अगं शाबास! नाव घेतलं तरी ढिम्म हलली नाहीस!"

ती भाजतच होती. शेवटच्या पोळीपर्यंत तिने भाजलं, कारण डबे जायचे होते. मग गॅस बंद केला आणि तवा, तापलेला तसाच, दोन्ही हातांनी धरायला गेली. शिलानने झेप घेऊन तिचे हात ओढले. दोघी खाली बसल्या. नाझदारच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. नुसतं तोंड उघडं.

"काय झालं?" मी विचारलं. "शिलान, काय म्हणाला तो?"

"म्हणाली," शिलानने तिचे हात न सोडता सांगितलं, "नाझदारची आई मेला. गेल्या शुक्रवारी."

ती पोळी माझ्या डोळ्यांपुढे आली. एवढं ऐकून तिने ती वेळेवर उलटली होती. तो दोन्ही बाजू फिरवून काय शोधत होता ते मला तेव्हा कळलं. कुठे करपलीय का, एवढंच त्याला बघायचं होतं.

"खरं आहे का गं?" यमुनाबाईंनी विचारलं.

खरं की खोटं, कळायला मार्ग नव्हता. फोन केला तर ठिकाण कळलं असतं. त्यांच्याकडे आई गेली की लेक वेणी कापते. नाझदारने माझी कात्री उचलली, वेणीला लावली आणि तशीच धरून राहिली. कापली तर ते खरं ठरणार होतं. शिवाय उद्या पुन्हा कोणी आलं तर कापलेली वेणी दिसणार होती. तिने कात्री खाली ठेवली. त्या दिवशी तिला रडायलासुद्धा आम्ही गॅलरीचं दार लावून रेडिओ मोठा केला.

पुढे दीड-दोन महिन्यांनी शिलानच्या मावशीकडून आडून आडून बातमी आली. आई धडधाकट होती, शेळ्या राखत होती. नाझदारने ते ऐकलं आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. शिलान म्हणाली, एकदा मनात पुरलेली आई परत वर काढायला वेळ लागतो.

पेनाचं गोंदण आठवड्याभरात उडालं. तो परत येणार होता. म्हणून मी यमुनाबाईंबरोबर त्यांच्या गावच्या जत्रेला गेले आणि सुईने खरंखुरं गोंदवून घेतलं, बाहेरच्या टिंबासकट. गोंदणारी म्हणाली, बाई, हे चुकलंय. म्हटलं, असू दे. तो काही परत आला नाही. पण पुढची कितीतरी वर्षं बेल वाजली की माझा हात आधी त्या टिंबावर जायचा.

नाझदारला एका संस्थेने दुसऱ्या देशात नेलं. कोणत्या ते मी आजही सांगत नाही. शिलानने त्यानंतर एक मोठं चित्र केलं. ओट्याभोवती कितीतरी हात, प्रत्येकावर कोर, प्रत्येकाचं टिंब सुटलेलं. ते पुष्कळ देशांत लागलं. त्यातला खरा हात कोणता, असं लोक तिला अजून विचारतात. ती सांगत नाही. माझा कोणता ते तर मलाही ओळखू येत नाही.

मागच्या श्रावणात एका दुपारी नाझदारचा फोन आला. पाठीमागे कसलातरी धुराचा अलार्म कोकलत होता. ती तो बंद करायला गेली नाही.

"ताई," ती म्हणाली, "आई गेला. आता खरं गेला. भावाने सांगितली."

तिची मराठी सुधारायची मला सवय होती, पण तिचं 'गेला' मी तसंच राहू दिलं.

"तव्यावर पोळी होता, ताई," ती म्हणाली आणि मोठ्याने रडायला लागली. "मी आज करपू दिला."